दस्तकावाचून काशीत

परक्या महानगरात परवान्यावाचून वावरणारा माणूस हा आजच्या थरारपटांचा आवडता नायक आहे. तथापि हे कथाबीज आधुनिक नव्हे. शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून झालेल्या सुटकेशी जोडलेली काशीची एक आख्यायिका या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

मोगली मुलखातून वाट चालायची तर दस्तक, म्हणजे प्रवासाचा परवाना, जवळ असणे हिताचे असे. आग्र्यास नजरकैदेत पडल्यावर महाराजांनी आपल्या माणसांच्या परतीसाठी बादशहाकडून दस्तके मिळविली; त्यांच्या स्वतःच्या नावाचे दस्तक निघणे अर्थातच अशक्य होते. १७ ऑगस्ट १६६६ रोजी ते निसटले आणि पुढे बैराग्याच्या वेषाने गेले, असे परंपरा सांगते.

खाफीखान या फारसी इतिहासकाराने सुरतेच्या नाभा नामक ब्राह्मण वैद्याची हकीकत ‘मुन्तखबुल्लुबाब’ या १८व्या शतकातील ग्रंथात नोंदविली आहे. नाभा तरुणपणी काशीत एका ब्राह्मणाकडे शिष्य होता. गुरू त्याला पोटभर खाऊ घालीत नसे. एके दिवशी पहाटेच्या अंधारात नदीकाठी एका अनोळखी माणसाने त्याचा हात धरला, मुठीत काही कोंबले आणि स्नानविधी लवकर उरकण्यास सांगितले. क्षौर व स्नान होते न होते तोच, शिवाजीच्या शोधार्थ गुर्जबर्दार आल्याची आरोळी उठली. नाभा वळून पाहतो तो यजमान नाहीसा झालेला! मुठीत ९ रत्ने, ९ अश्रफी आणि ९ होन होते. गुरूकडे न परतता त्याने सुरत गाठली व त्या धनातून मोठे घर घेतले.

हे घडले असेल काय? महाराज १२ सप्टेंबरला राजगडी पोहोचले हे अनेक अभ्यासकांचे मत ग्राह्य धरले, तर अवघ्या २५–२६ दिवसांत पूर्वेकडील काशीचा वळसा बसत नाही. जेधे शकावलीतील मार्गशीर्ष शुद्ध पंचमी मानली, तर अवधी पुरतो. पण अवधी पुरणे हा पुरावा नव्हे. शिवाय सांगणारा आपल्या संपत्तीचा उगम सांगत आहे, हेही विसरता येत नाही.

इतिहास म्हणून डळमळीत असलेली ही हकीकत समाजाचे चित्र म्हणून मात्र पक्की आहे. तीर्थक्षेत्री प्रत्येकजण परका, म्हणून कोणीच विशेष परका नाही. घाटावर यजमानास दक्षिणेनंतर फारसे काही विचारले जात नाही, आणि क्षौराने तर चेहराच पालटतो. लपण्यास याहून सोयीची जागा कोणती? त्यातही कथा सांगतो तो पळणारा राजा नव्हे, तर भुकेला शिष्य. एकाला ओळख लपवायची आहे, दुसऱ्याला ओळखच नाही. क्षणभर दोघे परस्परांच्या उपयोगी पडतात. खाफीखानाची लेखणी मराठ्यांविषयी कठोर आहे. तरीही त्याने ही हकीकत टाकून दिली नाही. सत्तेच्या बखरीत ज्याला एरवी जागा मिळाली नसती, असा एक उपाशी विद्यार्थी तिच्यामुळेच आपल्यापर्यंत पोहोचला.