दक्षिण टिरोल : शिरगणतीचा रकाना आणि हक्काची भाकरी

इटलीच्या उत्तर टोकास, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून दक्षिण टिरोल हा स्वायत्त प्रांत आहे. क्षेत्रफळ सुमारे ७,४०० चौरस किलोमीटर, लोकसंख्या सव्वापाच लाखांहून थोडी अधिक. उत्तरेस १,३७० मीटर उंचीवरील ब्रेनर खिंड, पश्चिमेस ३,९०५ मीटरचे ओर्टलर शिखर, पूर्वेस डोलोमाइट्सचे सुळके. वस्तीयोग्य भूमी थोडीच, म्हणून गावे आणि फळबागा नद्यांच्या खोऱ्यांत एकवटल्या आहेत. येथे बहुतेक प्रत्येक गावाला दोन नावे आहेत. राजधानी जर्मन भाषकांची बोत्सन, तर इटालियन भाषकांची बोल्त्सानो. ही दोन नावे कशी आली, हे सीमाभागातील आम्हा सर्वांनी जाणून घेण्याजोगे आहे.

१९१० च्या शिरगणतीत, ऑस्ट्रियाच्या अमलाखाली, येथील सुमारे ८९ टक्के लोक जर्मन भाषक होते. इटालियन भाषक जेमतेम ३ टक्के. उरलेल्यांत लादिन ही प्राचीन भाषा बोलणारे डोंगरी लोक होते. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या सेंट-जर्मेन तहाने हा मुलूख इटलीला मिळाला. रहिवाशांचा कौल कोणी घेतला नाही.

पुढे फॅसिस्ट राजवट आली. एत्तोरे तोलोमेई यांनी सिद्ध केलेली हजारो इटालियन स्थलनावे अधिकृत ठरली. जर्मन माध्यमाच्या शाळा बंद झाल्या. तेव्हा धर्मगुरू मिखाएल गाम्पर यांच्या प्रेरणेने घराघरांत गुप्त शाळा भरू लागल्या. बोल्त्सानोत उद्योगवसाहत उभारून इतर प्रांतांतून कामगार आणले गेले. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी लोकांपुढे विचित्र पर्याय ठेवला : भाषा हवी तर भूमी सोडा, भूमी हवी तर भाषा सोडा. सुमारे ७५,००० माणसे देशोधडीला लागली. १९६१ च्या शिरगणतीत इटालियन भाषकांचे प्रमाण ३४ टक्क्यांवर पोहोचलेले दिसते.

१९४६ च्या पॅरिस करारात ऑस्ट्रियाचे ग्रूबर आणि इटलीचे दे गास्पेरी यांनी स्वायत्ततेचे वचन दिले. परंतु १९४८ मध्ये हा प्रांत इटालियनबहुल त्रेन्तिनोशी जोडून एकच प्रदेश केला गेला, आणि घरचा बहुसंख्य समाज कागदावर अल्पसंख्य झाला. १९५७ मध्ये सिल्वियस मान्यागो यांच्या नेतृत्वाखाली प्रचंड सभा झाली. मागणी होती त्रेन्तिनोपासून वेगळ्या स्वायत्ततेची. १९६० मध्ये ऑस्ट्रियाने प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९६१ मध्ये बाँबस्फोटही झाले. अखेरीस दीर्घ वाटाघाटींतून १९७२ चा नवा स्वायत्तता कायदा अमलात आला.

या कायद्याचे मर्म असे की, भाषेचा प्रश्न त्याने भाकरीशी जोडला. सरकारी नोकऱ्या भाषिक लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात. नोकरीसाठी दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते. नागरिकाला कचेरीत व न्यायालयात आपल्या भाषेत बोलता येते. प्रांतात जमणाऱ्या करांचा सुमारे नऊ दशांश भाग प्रांताच्याच हाती राहतो. त्या बळावर रस्ते आणि शाळा झाल्या, दुर्गम डोंगरवस्त्या टिकल्या. आज युरोपीय संघातील दर दहा सफरचंदांपैकी सुमारे एक येथे पिकते. पर्यटनाची भरभराट आहे. इटलीतील संपन्न प्रांतांत याची गणना होते. २०११ मध्ये जर्मन भाषक ६९ टक्के, इटालियन २६ टक्के, लादिन साडेचार टक्के होते.

दोष नाहीत असे नव्हे. जर्मन आणि इटालियन शाळा आजही वेगळ्या भरतात. आईची भाषा एक आणि वडिलांची दुसरी असलेल्या मुलाने कोणत्या रकान्यात नाव घालावे, हा पेच आहे. स्थलनावांचा वादही पुरता मिटलेला नाही.

तरीही आम्हाला यातील एक गोष्ट मोलाची वाटते. सीमा एका इंचानेही सरकली नाही, पण माणसाचे आपल्या भाषेशी असलेले नाते कायद्याने मान्य केले. अभिमान गाम्पर यांच्या गुप्त शाळांनी जपला. मात्र पुढच्या पिढीला भाषा टिकवावीशी वाटली, कारण तिच्यावाचून नोकरीचे दार उघडत नव्हते. सीमाभागात भाषेची मागणी मांडताना आम्ही शाळा, कचेरी आणि रोजगार या तिन्हींचा हिशेब एकत्र मागितला पाहिजे.