मधमाश्यांच्या अंकात विमानाची बातमी

विमान उडताना डोळ्यांनी बघून त्याचं सविस्तर वर्णन आधी कुणी छापलं? कुठल्या बड्या पेपरने नाही. ते छापलं अमोस रूटने. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या मदायना या लहान गावचा हा माणूस मधमाशीपालनाचं साहित्य बनवून विकायचा आणि त्याच विषयाचं 'ग्लीनिंग्ज इन बी कल्चर' काढायचा. २० सप्टेंबर १९०४ ला डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या कुरणावर विल्बर राइटने पहिल्यांदा हवेत पूर्ण गोल फेरी मारली, तेव्हा रूट तिथे हजर होता. गावाहून स्वतः मोटार चालवत आला होता, तेही त्या काळच्या रस्त्यांवरून! १ जानेवारी १९०५ च्या अंकात त्याने सगळं छापलं. मधाच्या पेट्या वगैरे मजकुराच्या सोबतीला जगातली एवढी मोठी बातमी.

आता 'सायंटिफिक अमेरिकन' बघा. १८४५ पासूनचं न्यूयॉर्कचं साप्ताहिक. १८७७ मध्ये एडिसनने फोनोग्राफ यांच्याच ऑफिसात आणून वाजवून दाखवला, असा दबदबा. मालकांची पेटंट मिळवून देणारी एजन्सीही होती, म्हणजे संशोधकांची कायम ये-जा. (आज आपण याला हितसंबंध म्हणू, पण असो.) या साप्ताहिकाने १३ जानेवारी १९०६ च्या अंकात राइट बंधूंच्या उड्डाणांना थेट दंतकथा म्हटलं. मुद्दा काय, तर एवढं मोठं काही घडलं असतं तर आपल्या चलाख बातमीदारांनी ते केव्हाच हुडकून काढलं असतं! तोवर विल्बर एका दमात २४ मैल उडून बसला होता, ऑक्टोबर १९०५ मध्ये. कुरणाच्या कडेने ट्रॉली जायची. तिच्यातून दिसत होतं.

शंका घेतली म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. डिसेंबर १९०३ च्या पहिल्या उड्डाणांबद्दल नॉरफोकच्या एका पेपरने तीन मैल उडाल्याचं ठोकून दिलं होतं. खरं सगळ्यात लांब उड्डाण ८५२ फूट, ५९ सेकंद. त्यात हे दोघे भाऊ सौदा झाल्याशिवाय यंत्र दाखवायला तयार नव्हते. अशा दाव्यावर संपादकाने भुवया उंचावल्या तर बरोबरच. पण टेबलावर बसून निकाल देणं म्हणजे तपासणी नाही हो.

पुढे त्यांनी जे केलं ते मला जास्त आवडतं. उड्डाण पाहिलेल्या १७ जणांची नावं राइट बंधूंनी दिली होती. साप्ताहिकाने त्या सगळ्यांना प्रश्न पाठवले. ११ जणांची उत्तरं आली. आणि ७ एप्रिल १९०६ च्या अंकात त्याच साप्ताहिकाने छापलं की उड्डाणं खरी आहेत. तीन महिन्यांत, टपालाच्या खर्चात. ना प्रयोगशाळा, ना तज्ज्ञांची समिती.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आपल्या भागात पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाचा व्हिडिओ फिरतोय. तीन दिवसांत मला चाळीसेक जणांनी पाठवलाय, 'बातमी लावा' म्हणून. काही मंडळी पैसे गुंतवायच्या तयारीत आहेत असंही कानावर आलंय. इंधन लागतं ते ऊर्जेसाठी, आणि पाणी हे हायड्रोजन जळून उरलेलं, म्हणजे राखेसारखं. त्यामुळे माझी शंका मोठी आहे. तरी शनिवारी मी बघायला जातोय. तुमच्यापैकी कुणी ते इंजिन समोर उभं राहून चालताना पाहिलं असेल तर मेसेज करा. किती वेळ चाललं, टाकी कुणी उघडून बघितली, बॅटरी जोडलेली होती का, एवढंच लिहा. व्हिडिओ परत पाठवू नका, आहे माझ्याकडे.