रहीम मास्तरांची शाळा

सुलतान बाजाराचा इतिहास आपण मंडळी सांगायला बसलो की गाडी ठरलेल्या स्टेशनांवरून जाते. रेसिडेन्सी बाजार, १९३३ साली तो निजामाकडे परत गेला ते, १९०७ ची विवेक वर्धिनी, केशवराव कोरटकर, आर्य समाज, मग सत्याग्रह. फुटबॉल त्यात कुठेच येत नाही. खरं तर भारतीय फुटबॉलचा सगळ्यात मोठा शिक्षक इथून चालत जाण्याच्या अंतरावर, काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये आणि पुढे चादरघाट हायस्कूलमध्ये मास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम. २०२४ च्या ‘मैदान’ चित्रपटामुळे हे नाव पुन्हा घराघरांत गेलं, पण चित्रपटाला जकार्ता जास्त प्यारं. मला त्याआधीचे, शाळामास्तरकीचे दिवस मोलाचे वाटतात, कारण जिंकण्याची सवय तिथे लागली.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ चा, हैदराबादेतलाच. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. स्वतः चांगले खेळाडू. नोकरी मास्तराची, मग शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी घेतली. १९४३ मध्ये हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले, आणि १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाती आला.

हे साल जरा नीट बघा. सप्टेंबर १९४८ ला जेमतेम दोन वर्षं होत होती. निजामाच्या नोकरीतल्या कितीतरी माणसांची रोजी गेली होती, कितीतरी कुटुंबं पाकिस्तानची वाट धरून गेली होती. आणि ‘पोलीस’ हा शब्द तर आपल्या बाजारातल्या आठवणींमध्ये अटक, झडती आणि लाठी याच सोबतीने येतो. त्याच खात्याच्या संघाने, ज्यात बहुतेक मुलं मुसलमान होती, १९५० मध्ये मुंबईला जाऊन रोव्हर्स कप जिंकला. मग १९५१, ५२, ५३ आणि ५४. सलग पाच. कूपरेजवर अशी सद्दी दुसऱ्या कुणाला जमली नाही. १९५० ला ड्युरंड कपही आणला, तोही मोहन बागानला हरवून. मोडक्या घरातली पोरं पाच वर्षं हरायला तयार नव्हती, असं म्हटलं तर चालेल.

हे कसं जमलं? जोशपूर्ण भाषणांचे किस्से पुष्कळ आहेत, आणि ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण भाषणाचा असर एक सामना टिकतो, फार तर दोन. रहीमसाहेबांची खरी करामत त्यांनी भरवलेल्या छोट्या स्पर्धांमध्ये दिसते. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी: चेंडू आला की लगेच साथीदाराला द्यायचा. ज्याला आपल्या पायातली जादू दाखवायची हौस, त्याची पंचाईत! दुसऱ्या स्पर्धेत फक्त कच्च्या पायाने खेळायचं. उजव्या पायाचा खेळाडू असेल तर डाव्याने. लहान मुलांच्या स्पर्धा उंची मोजून, म्हणजे थोराड पोराने बारक्याला ढकलून चेंडू न्यायची सोयच नाही.

वर्गात पाढे घोटून घेतात ना, तोच हा प्रकार. पास दे, स्वार्थ सोड, हे मुलाला सांगावंच लागत नाही. खेळाचा नियमच ते करून घेतो. आजकाल ‘टीम कल्चर’ म्हणून ज्याची शिबिरं भरतात ते हेच असावं, फक्त त्याला नाव नव्हतं. आणि एक गोष्ट: एकट्या पोलीस संघावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. शहरातल्या पोरांना घडवलं म्हणून संघाला खेळाडू मिळत राहिले. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, युसूफ खान, झुल्फिकार ही सगळी याच शहराची देणगी. तुलसीदास बलराम सिकंदराबादकडचा.

१९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत रहीमसाहेबांच्या भारताने इराणला १-० हरवून सुवर्ण घेतलं. पण १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. मास्तर स्वतःही शिकत होते. हंगेरीने १९५३ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ हरवलं तेव्हा त्यांचा सेंटर फॉरवर्ड मागे सरकून खेळला होता. रहीमसाहेबांनी ती युक्ती उचलली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं आणि मुंबईच्या गोवेकर नेव्हिल डिसूझाने तीन गोल मारले. भारत चौथा आला.

१९६२ च्या जकार्त्याला जाताना मास्तरांना कॅन्सर होता. पहिलाच सामना दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ गेला. पुढे थायलंडविरुद्ध जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले. तो बचावपटू. दुसऱ्या कुणी त्याला बाकावर बसवलं असतं. इथे त्याला पुढच्या फळीत आणलं. अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर, आणि सोंधींच्या वक्तव्यावरून चिडलेलं सगळं स्टेडियम भारताच्या नावाने ओरडतंय. पी. के. बॅनर्जीने एक गोल केला, दुसरा टाके घातलेल्या जर्नेलने. २-१. तारीख ४ सप्टेंबर. एक बचावपटू फॉरवर्ड म्हणून खपून जातो, कारण बाकीच्या दहांना चेंडू कुठे द्यायचा हे पाठ असतं. मला यात काचीगुड्याचा वर्ग दिसतो.

११ जून १९६३ ला रहीमसाहेब गेले. भारताला आशियाई फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर मिळालेलं नाही. १९७० मध्ये बँकॉकला ब्राँझ आलं, तेव्हा प्रशिक्षकांमध्ये त्यांचा जकार्त्याचा विद्यार्थी पी. के. बॅनर्जी होता, आणि कप्तान आपल्या हैदराबादचा सय्यद नईमुद्दीन.