डबा क्रमांक २४१९ : एका भोजनयानाचा ऐतिहासिक प्रवास

पहिले महायुद्ध ज्या रेल्वे डब्यात संपले, तो मूळ डबा आज अस्तित्वात नाही. तरीही पॅरिसच्या ईशान्येस असलेल्या काँपिएनच्या अरण्यात '२४१९ डी' हा क्रमांक मिरवणारा एक डबा उभा आहे आणि जगभरातील पर्यटक तो आवर्जून पाहतात. या डब्याचा इतिहास युरोपातील दोन महायुद्धांशी जोडलेला आहे. त्याचबरोबर, ऐतिहासिक वस्तूच नष्ट झाली तर जतन नेमके कशाचे करायचे, हा प्रश्नही तो उपस्थित करतो.

भोजनयान ते लष्करी कचेरी

आंतरराष्ट्रीय शयनयान कंपनीसाठी (वागों-ली) हा डबा पॅरिसजवळील सां-दनी येथे १९१४ मध्ये तयार झाला. सागवानी बांधणीचे हे भोजनयान प्रारंभी फ्रान्सच्या पश्चिमेकडील मार्गांवर प्रवाशांच्या सेवेत होते. १९१८ च्या शरद ऋतूत फ्रेंच लष्कराने ते ताब्यात घेतले. जेवणाची टेबले काढून मधोमध एक मोठे टेबल मांडण्यात आले आणि दोस्तसैन्याचे सरसेनापती मार्शल फर्दिनां फॉश यांची ती फिरती कचेरी झाली.

वाटाघाटींसाठी फॉश यांनी रेतोंद गावाजवळील अरण्यातील निर्जन जागा निवडली. रेल्वेवरून डागल्या जाणाऱ्या अवजड तोफांसाठी तेथे आधीच रूळ टाकलेले होते. ८ नोव्हेंबर १९१८ रोजी मात्थियास एर्झबेर्गर यांच्या नेतृत्वाखाली जर्मन शिष्टमंडळ तेथे पोहोचले. उत्तरासाठी त्यांना ७२ तासांची मुदत मिळाली. ११ नोव्हेंबरच्या पहाटे पाच वाजल्यानंतर काही मिनिटांतच करारावर सह्या झाल्या आणि सकाळी ११ वाजता तोफा थंडावल्या. मधल्या सहा तासांतही आघाडीवर सैनिक मरतच होते. सही करणारे एर्झबेर्गर यांची पुढे १९२१ मध्ये जर्मन अतिरेकी राष्ट्रवाद्यांनी हत्या केली.

पहिला जीर्णोद्धार

युद्धानंतर कंपनीने हा डबा फ्रान्सच्या लष्करी संग्रहालयास दिला. १९२१ पासून तो पॅरिसमधील अँव्हालीदच्या प्रांगणात उघड्यावर ठेवण्यात आला. ऊन, पाऊस आणि थंडीचा मारा लाकडी डब्याला सोसवला नाही. सहा वर्षांत त्याची चांगलीच दुरवस्था झाली. अखेर आर्थर हेन्री फ्लेमिंग हे अमेरिकी दाते पुढे आले. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील या गृहस्थांनी लाकडाच्याच व्यवसायात संपत्ती मिळविली होती. डब्याची दुरुस्ती आणि त्याच्यासाठी स्वतंत्र वास्तूची उभारणी यांचा खर्च त्यांनी उचलला. काँपिएन येथील या वास्तूचे उद्घाटन ११ नोव्हेंबर १९२७ रोजी झाले. स्वतः फॉश त्या वेळी उपस्थित होते.

सूड आणि विनाश

फ्रान्ससाठी जे विजयाचे स्मारक होते, तेच जर्मनीतील अनेकांना मानहानीचे प्रतीक वाटत होते. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यावर हिटलरने नेमकी हीच जागा आणि हाच डबा निवडला. जर्मन सैन्याने संग्रहालयाची भिंत फोडून डबा बाहेर काढला आणि १९१८ च्या मूळ जागी नेऊन उभा केला. २१ जून रोजी हिटलर तेथे आला, फॉश यांच्या जागेवर बसला आणि प्रास्ताविक वाचून होताच निघून गेला. दुसऱ्या दिवशी फ्रान्सतर्फे जनरल हंटझिगर आणि जर्मनीतर्फे जनरल कायटेल यांनी सह्या केल्या.

त्यानंतर हिटलरच्या आदेशावरून तेथील स्मारके उद्ध्वस्त करण्यात आली. फॉश यांचा पुतळा तेवढा जागेवर ठेवण्यात आला. डबा बर्लिनला नेऊन लुस्टगार्टन चौकात जनतेसमोर मांडण्यात आला. पुढे बर्लिनवरील बॉम्बहल्ले वाढल्यावर त्याला थुरिंजिया प्रांतात हलविण्यात आले. तेथेच १९४५ मध्ये, युद्धाच्या अखेरच्या पर्वात, तो आगीत भस्मसात झाला.

दुसरा डबा, तोच क्रमांक

युद्ध संपल्यानंतर फ्रान्सने स्मारकाची पुन्हा उभारणी केली. डब्याची हुबेहूब प्रतिकृती घडविण्याऐवजी त्याचाच जुळा भाऊ शोधण्यात आला. याच कंपनीचा आणि याच धाटणीचा, १९१३ मध्ये बांधलेला २४३९ क्रमांकाचा डबा मिळाला. त्याची अंतर्रचना फॉश यांच्या कचेरीप्रमाणे करण्यात आली, त्यावर २४१९ डी हा क्रमांक घालण्यात आला आणि ११ नोव्हेंबर १९५० रोजी तो संग्रहालयात विराजमान झाला. जळालेल्या मूळ डब्याचे उरलेसुरले अवशेषही संग्रहालयात जतन केलेले आहेत.

काटेकोर अर्थाने पाहिल्यास, १९१८ चा करार या डब्यात झाला नव्हता. परंतु त्याची बांधणी त्याच काळातील आहे आणि तो उभा आहे तोही त्याच अरण्यात. महायुद्धाच्या समाप्तीला शंभर वर्षे होत असताना, १० नोव्हेंबर २०१८ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल माक्राँ आणि जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल याच डब्यात एकत्र बसले. दोघांनी अभ्यागतांच्या वहीत सह्या केल्या. त्या दिवशी टेबलावर जेत्याने पराभूतासमोर ठेवलेल्या अटी नव्हत्या.