कोहळ्यांचे स्थापत्य

स्थापत्य हा आपला शब्द मोठा सोशीक आहे. वेरूळच्या कैलास लेण्यालाही आपण स्थापत्य म्हणतो आणि पूल, धरणे, रस्ते बांधावयास शिकविणाऱ्या शास्त्रालाही स्थापत्यच म्हणतो. इंग्रजीत यांचे दोन निराळे धंदे झाले. एकाने सौंदर्य पाहावे, दुसऱ्याने भार मोजावा, अशी वाटणी झाली. मराठीने ती मान्य केलेली नाही. मला हा आपल्या भाषेचा दोष वाटत नाही, आणि का वाटत नाही हे सांगण्यासाठी मी आपणांस महाराष्ट्राच्या पूर्व टोकाशी, गोंदिया जिल्ह्यात नेणार आहे.

१९९९ साली भंडारा जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. येथे आधुनिक काय आहे असे विचारले, तर लोक प्रथम रेल्वेकडे बोट दाखवितात. ते योग्यच आहे. बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाला जंक्शनचे रूप दिले, त्यामागून भाताच्या गिरण्या आल्या आणि शहर उभे राहिले. परंतु गिरणीत भरडले जाणारे धान ज्या पाण्यावर पिकत आले, त्या पाण्याची बांधणी रेल्वेपेक्षा बरीच जुनी आहे, आणि तिच्याकडे बोट दाखविणारा मनुष्य क्वचित भेटतो.

अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध पाहा. पाण्याचा विस्तार १० ते ११ चौरस किलोमीटर, परीघ सुमारे २७ किलोमीटर. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने हे तळे बांधले असे सांगतात. भोवतालच्या सात डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि बांधणारा कोलू पाटील पुढे कोलासुर देव होऊन बसला. ज्या समाजात तळे बांधणाऱ्याचा देव होतो, त्याला यंत्रविद्येचे मोल कळत नव्हते असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनी एकोणिसाव्या शतकात हे पाणी पाहिले. घाट, वृक्षांच्या रांगा आणि सरळ काठ असलेल्या तलावांहून हे निराळे आहे, येथे रानाने वेढलेले डोंगरच तळ्याचे काठ झाले आहेत, हे त्यांनी अचूक टिपले आहे.

खरी करामत हीच होय. कोहळ्याने भिंत कमीत कमी बांधली. डोंगरांनी तीन बाजू राखलेल्या, पाणी निसटण्याची जी फट उरली तेवढ्यातच मातीची पाळ घातलेली. ही फट कोठे आहे हे ओळखणे, पुराचे जादा पाणी पाळीवरून न जाता सांडव्याने कोणत्या बाजूस काढावे हे ठरविणे, आणि ते खालच्या गावाच्या तळ्यास कसे मिळेल हे पाहणे, यात सारी विद्या होती. तळ्यातील पाणी शेतात सोडण्याच्या मोरीस इकडे तुडूम म्हणतात. पावसाळा सरता सरता धान निसवू लागते. हस्ताचा पाऊस न पडला, तर तीन महिन्यांची मेहनत त्या पंधरवड्यात करपून जाते. तुडूम उघडावयाचे ते त्या वेळी. म्हणजे हे तळे बारमाही कालवा नव्हे. ऐन संकटासाठी बाजूला ठेवलेली शिल्लक आहे. तळ्याखालच्या उत्तम जमिनीत कोहळी ऊसही घेत.

कोहळी मुळात येथले नव्हेत, असे त्यांची परंपराच सांगते. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेत त्यांचे कसब पाहून त्यांना आणले, अशी ती कथा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथातही तळी बांधणारी जात म्हणूनच त्यांची ख्याती नोंदलेली आहे. रान तोडून तळे बांधणाऱ्यास जमीन देण्याची गोंड राजांची रीत होती. तेव्हा ज्याला आज आपण या मुलखाचे अस्सल रूप म्हणतो, ते एका राजाच्या धोरणातून आणि बाहेरून आलेल्या कारागिरीतून घडलेले आहे. तंत्र परके म्हणून ओळख बिघडते, हा आपला आवडता सिद्धान्त निदान येथे तरी लागू पडत नाही.

मग बिघडले कोठे? मालगुजारी १९५१ साली रद्द झाली, आणि ती जावयासच हवी होती. पाळीवर घाम गाळणारा पुष्कळदा वेठीचा होता. परंतु मालगुजाराबरोबर तळ्याचा धनीही गेला. तळी सरकारजमा झाली, त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’, थोडक्यात ‘मामा तलाव’, असे नाव पडले. गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे, तुडूम कोणी केव्हा उघडावे हे ठरविणे, ही गावची कामे कचेरीच्या फाइलीत गेली. मातीची पाळ काही एका पावसाने कोसळत नाही; ती वर्षावर्षाने झिजते, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्याच तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोहचे मोठे धरण झाले. त्याच्याशी माझे वैर नाही. मौजेची गोष्ट अशी की नव्या वास्तुकलेचे जगन्मान्य आचार्य ल कॉर्ब्युझिए यांनी चंडीगड रचले, तेव्हा त्या शहरालाही तळ्याची गरज भासली, आणि १९५८ साली बांध घालून सुखना सरोवर करण्यात आले. त्याला आपण आधुनिक वास्तुरचना म्हणतो. नवेगावबांधला पक्षी पाहण्याची जागा म्हणतो.

अलीकडे अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील ढिवर समाजाच्या स्त्रिया काही तळ्यांत उतरल्या आहेत. मासे कमी का झाले हे त्यांना सांगावे लागले नाही. बेशरमाची झुडपे काठ खाऊन बसली होती. त्यांनी ती उपटली, तळाची माती नांगरली आणि माशांना आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती लावल्या. त्यांतील कोणती कोणत्या खोलीवर रुजते, हे त्यांनी म्हाताऱ्या माणसांकडून विचारून घेतले.