बालकवी : एका टाळीनंतरची अकरा वर्षं

फेब्रुवारी आला की गिरगावपासून परळपर्यंतच्या शाळा-कॉलेजांत एकच धांदल असते. २७ तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. त्यानिमित्त काव्यस्पर्धा ठरलेली. मुलं वहीतला कागद हातात धरून माईकसमोर येतात, आवाज थोडा कापतो, टाळ्या होतात, प्रमाणपत्र मिळतं. पण त्या टाळीनंतर पुढे काय होतं? आजची गोष्ट त्याचीच आहे.

साल १९०७. जळगावात कविसंमेलन भरलं होतं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. माणूस मोठा गंमतीशीर! पेशानं लष्करी डॉक्टर, अभ्यास वनस्पतींचा. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बी. डी. बसूंचा ग्रंथ आजही संशोधक उघडतात. अशा माणसासमोर जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा कविता म्हणायला उभा राहिला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९०, गाव खानदेशातलं धरणगाव. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे सतत बदल्या, आणि शाळा अशीतशीच. पण कविता ऐकून सभा थक्क झाली आणि कीर्तिकरांनी त्याला नाव दिलं, ‘बालकवी’.

आता इथे गोष्ट संपली असती, तर ती फक्त बक्षीस समारंभाची गोष्ट झाली असती. पण कवी रेव्हरंड टिळकांनी या मुलाला जवळ केलं, नगरला आपल्या घरात ठेवून घेतलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त हा ठोंबरे भेटतो, तो घरातल्याच मुलासारखा. इकडे मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्र ‘मनोरंजन’ मासिक चालवत होते. १९०९ साली त्यांनी मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, आणि त्यात बालकवींची कविता होती. म्हणजे बघा, एकानं नाव दिलं, दुसऱ्यानं घर दिलं, तिसऱ्यानं पान दिलं.

तरीही पैशाची ओढाताण सुटली नाही. शिक्षकाची नोकरी केली, गावं बदलली. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. वय अवघं सत्तावीस. भादली जळगावपासून जवळच आहे. जिथे नाव मिळालं, त्याच टापूत शेवट झाला. हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह निघाला नाही. ‘बालकवी’ ही पदवी मात्र अशी चिकटली, की ठोंबरे हे आडनाव आज अनेकांना आठवावं लागतं.

आता आपल्या गिरणगावात येऊ. इथल्या एका मुलाला तर असं संमेलनही मिळालं नाही. नारायण सुर्वे. टाकून दिलेलं तान्हं मूल गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणी कामगार जोडप्यानं वाढवलं. शाळा चौथीपर्यंत. मग हॉटेलात, गिरणीत, मिळेल ते काम. पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई, आणि नंतर शिक्षक. पहिला संग्रह ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ साली आला, तेव्हा ते पस्तिशी ओलांडलेले होते. ज्या वयात बालकवी जाऊन बरीच वर्षं झाली असती, त्या वयात सुर्व्यांचं पहिलं पुस्तक! पुढे १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या कविता आज पाठ्यपुस्तकांत आहेत आणि स्पर्धांतही म्हटल्या जातात.

मला विचाराल तर या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघाव्यात. एकाला सतराव्या वर्षी डोक्यावर घेतलं, तरी पोटाचा प्रश्न सुटला नाही. दुसऱ्याला कुणी बोलावलंच नाही, तरी कविता थांबली नाही. मधल्या काळात किती पोरं लिहायची थांबली असतील, त्याची नोंद कुठेच नाही.

म्हणून परीक्षकांना आणि शिक्षकांना एक विनंती. निकाल लागल्यावर चौथ्या-पाचव्या नंबरच्या मुलाला बाजूला बोलवा. ‘आणखी काय लिहिलंयस, दाखव’ एवढं म्हणा. जमलं तर एखादं पुस्तक हातात द्या. टिळकांसारखं घर आपण सगळेच देऊ शकत नाही, पण अर्धा तास नक्की देऊ शकतो.

भेटूया पुढच्या भागात.