बॉस्टनचा स्नो आणि मुंबईचा बर्फ

गिरडच्या माणसाला 'बर्फ कसा काढतात?' असं विचारलंत, तर तो गोळेवाल्याकडे बोट दाखवेल. आमच्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. आभाळातून पडल्याच तर गारा पडतात आणि उभं पीक झोपवून आपल्या आपण विरघळतात. (शेख फरीदबाबांच्या टेकडीवरचे गोल दगड गारांसारखे दिसतात खरे, पण आख्यायिकेनुसार तो एका व्यापाऱ्याचा दगड झालेला माल. असो.)

पण मंडळी, स्नो हटवण्याशी आपला संबंध ऑनसाईटवाल्यांपासून सुरू झाला असं समजू नका. 1833 मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने 180 टन बर्फ जहाजाने कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांनी त्यातला सुमारे 100 टन शिल्लक होता! पाठोपाठ मुंबईचा नंबर लागला, तिथे खास आइस हाउस बांधलं गेलं. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा सांगतात.

गंमत पुढेच आहे. गोठलेल्या तळ्यावर पडलेला भुसभुशीत स्नो म्हणजे गोधडी. थंडी खाली पोचत नाही आणि बर्फ जाड होत नाही. म्हणून केंब्रिजच्या फ्रेश पाँडवर मजूर आधी घोडे लावून वरचा स्नो खरवडून काढत. मग नॅथॅनिएल वाईथच्या घोड्याने ओढायच्या कटरने लाद्या कापत आणि लाकडाच्या भुशात रचून बंदरावर पाठवत. स्नो काढला नाही तर मुंबईच्या ग्लासात बर्फ नाही, इतकं साधं. पुढे कारखान्यात बर्फ बनायला लागला आणि हा धंदा बसला.

रस्त्यावरच्या स्नोला मात्र गिऱ्हाईक नाही. 6-7 फेब्रुवारी 1978 ला बॉस्टनमध्ये 27.1 इंच पडला आणि रूट 128 वर तीन हजारांहून जास्त गाड्या अडकल्या. ज्याच्या काठाने तेव्हाच्या कम्प्युटर कंपन्या होत्या, तोच हा रस्ता.

घरमालकांचं काय? मॅसेच्युसेट्समध्ये 1880 च्या दशकापासून कोर्टाचा अजब नियम होता: स्नो पडला तसाच राहू दिला आणि कोणी घसरलं, तर मालक जबाबदार नाही. हात लावून घोळ केला तर मात्र अडकलात. म्हणजे कोडला हात लावाल तर बग तुमच्या नावावर! हा नियम 2010 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. माझ्या मते शंभरेक वर्षं उशिराच.

आणि पार्किंग. दोन तास फावडं मारून मोकळी केलेली जागा दुसऱ्याने बळकावू नये म्हणून बॉस्टनकर तिथे खुर्ची ठेवतात. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो, तसंच. नगरपालिकेने या रुमालाला 48 तासांची मुदत दिली आहे, नंतर खुर्ची कचरागाडीत. साउथ एंडच्या रहिवाशांनी तर 2015 मध्ये खुर्च्या ठेवणंच बंद केलं.